आग्रहाचा रकाना

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक वही आहे. पुठ्ठ्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं आहे, "मुंबईत कुठे जेवावं". जळगाव जामोदहून मुंबईला कोणी निघालं, डॉक्टरला दाखवायला, कोर्टाच्या तारखेला किंवा मुलीसाठी स्थळ बघायला, की आदल्या दिवशी तो आमच्या ओट्यावर येऊन बसतो आणि वही मागतो. वही मी घराबाहेर जाऊ देत नाही. समोर बसून उतरवून घ्यावी लागते. ज्यांचं अक्षर वाईट त्यांना मी स्वतः उतरवून देते, म्हणजे वाट चुकल्याचं खापर माझ्यावर नको. देऊळगाव राजाच्या एका मास्तरांनी तर जोडकार्ड पाठवून नक्कल मागवली होती. त्याच्या उत्तराच्या कार्डावर उतरवून मी ती पाठवली आणि पोचल्याची खूण वहीच्या शेवटच्या पानावर केली.

यादी करणं ही माझी जुनी सवय. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे पाठकोरे कागद मुबलक. जुन्या परीक्षांचे पेपर, रद्द झालेली पत्रकं, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, सगळं मी कापून, दाभणाने टोचून, शिवून ठेवते. वाळवणाची यादी, पाहुण्यांच्या गाद्यांची यादी, कोणाच्या घरी आपली कुठली परात गेली आहे त्याची यादी. घरात हसतात आणि परात हवी असली की माझ्याकडेच येतात.

मुंबईच्या वहीचं पहिलं पान मात्र चिकटवलेलं आहे. ते का, ते सांगायचं आहे.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तोवर आमच्याकडचा मुलगा सरकारी नोकरीला लागला की नागपूरला जायचा. नागपुरात निम्म्या गावाचे सोयरे. मुलगा गाडीतून उतरायच्या आत त्याच्या जेवणाची सोय झालेली असायची. आता कागद मुंबईला गेले, आणि कागदांमागे आमचा धाकटा भाऊही गेला. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा त्याने नोकरीची परीक्षा काढली होती. वडलांच्या किराणा दुकानात मागच्या बाजूला तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून तो अभ्यास करायचा. गिऱ्हाईक आलं की उठायचा, गूळ तोलून द्यायचा, पुन्हा डब्यावर बसायचा. त्याच्या पुस्तकांना अजूनही गुळाचा वास आहे.

जानेवारीत तो मुंबईच्या एका सरकारी कचेरीत रुजू झाला. फेब्रुवारीचं पत्र आनंदाचं होतं. मार्चच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या की जेवणाचे हाल आहेत, खानावळ बदलली. एप्रिलच्या पत्रात दुसरी आणि तिसरी खानावळ बदलल्याचं होतं. आणि खाली लिहिलं होतं, "इथलं अन्न मला मानवत नाही. जून लागला की राजीनाम्याचा अर्ज देतो आणि घरी येतो. बाबांना सांगावे."

माझं माहेर गावातच, बाबांना मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की येऊ दे, दुकानात एक माणूस लागतोच. माय तर कधीचीच तयार होती. तिला वाटत होतं की लेकराला उगाच समुद्राकाठी पाठवलं. दोघांनाही त्याचं येणं नकोसं नव्हतं, हीच अडचण होती. तो एकदा त्या तराजूमागे बसला की उठणार नाही, हे मला दिसत होतं.

मी तिन्ही पत्रं समोर ठेवली आणि ओळी मोजल्या. प्रत्येक पत्रात कामाबद्दल दोन-दोन पानं होती: फाईल कशी बांधतात, शेताच्या धुऱ्याच्या वादाचा एखादा कागद आपल्याच तालुक्यातून कसा टेबलावर आला, साहेबाने कुठला शेरा खोडला. जेवणाबद्दल दोन ओळी. कामाला कंटाळलेला माणूस कामावर दोन पानं लिहीत नाही. म्हणजे प्रश्न खरंच पोटाचा होता, आणि पोटाचा प्रश्न सुटण्यासारखा असतो. मेची सुट्टी लागत होती. मी त्याला कळवलं की मी येते, दहा-बारा दिवस राहते, तुला मानवेल अशी खानावळ शोधून देते; नाहीच सापडली तर परतीच्या गाडीने दोघं सोबत येऊ.

एकटी बाई मुंबईला, म्हणून थोडी कुजबुज झाली. सासूबाईंनी ती मिटवली. त्या म्हणाल्या, तिच्याजवळ यादी आहे, ती हरवत नाही.

यादी होतीच. पाठकोऱ्या कागदांची नवी वही शिवून मी तिला रकाने आखले होते: तिखट किती, ज्वारीची भाकर मिळते का, वरून घ्यायला कच्चं तेल देतात का, वरणात गूळ घालतात का, त्याच्या खोलीपासून चालत किती मिनिटं. शेवटी "शेरा". सोबत जवसाची चटणी, तिखटाची पुडी, सांडगे आणि बरणीभर लोणचं घेतलं. यजमानांनी नांदुऱ्याच्या स्टेशनवर बायकांच्या डब्यात बसवून दिलं.

दादरला धाकटा घ्यायला आला होता. मी आधी त्याच्या मागे त्याला शोधत होते. शर्ट तोच होता, आत माणूस कमी झाला होता. कॉलर गळ्यापासून बोटभर लांब उभी. मी लोणच्याची बरणी त्याच्या हातात दिली.

माझी उतरायची सोय गिरगावात, माझ्या जावेच्या बहिणीकडे. ती जन्माने मुंबईची, चाळीत वाढलेली, बोलायला तुटक आणि मनाने मोकळी. धाकट्याची खोली तिथून जवळच, आणखी तिघांसोबत.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. पहिली खानावळ एका कोकणातल्या बाईंची, त्याने मार्चमध्ये सोडलेली. बाई माणूस आली की तिला सभागृहासारख्या लांब खोलीत बसवत नाहीत. बाजूला फळ्यांचे आडोसे करून अर्ध्या दाराच्या लहान खोल्या असतात, त्यांना फॅमिली रूम म्हणतात. आम्ही तिथे बसलो. वाढप्याने ताटं ठेवली. मला त्या अरुंद जागेत त्याची सारखी ये-जा नको होती, म्हणून मी त्याला पोळ्यांची चळत आणि आमटीचं भांडं टेबलावरच ठेवून जायला सांगितलं. मग मीच वाढलं. धाकट्याने सहा पोळ्या खाल्ल्या, भात दोनदा घेतला, आमटीत गूळ होता तरी वाटी पुसून काढली.

मी वहीत लिहिलं: तिखट बेताचं, भाकर नाही, गूळ आहे. शेरा: चांगली.

संध्याकाळी दुसरी. तिथली उसळ झणझणीत, मालक घाटावरचा. पुन्हा अर्धं दार, पुन्हा भांडी टेबलावर, पुन्हा मी वाढलं. पाच भाकरी. पुढच्या दिवशी एक उडप्याचं हॉटेल आणि त्याची तिसरी खानावळ. सगळीकडे तो असा जेवला की जेवून झाल्यावर थोडा वेळ त्याला बोलता येईना. मी विचारी, मग ही काऊन सोडली? तो म्हणे, बरोबर नव्हती. काय बरोबर नव्हतं, ते सांगेना.

मी शाळेची तपासणी बरीच पाहिली आहे, पण असला निकाल कधी पाहिला नव्हता. सगळी मुलं पास, आणि शाळा मात्र बंद पडायला निघालेली.

एक खूण तेव्हाच मिळाली होती, ती मी सोडली. शनिवारी तो मला एका इराण्याच्या हॉटेलात घेऊन गेला. तिथे चहा सांगितला की न सांगता ताटलीभर केक आणि बिस्किटं समोर आणून ठेवतात. खाल तेवढ्याचे पैसे. मी दोन केक खाल्ले, कारण चांगले होते. धाकट्याने चहा प्यायला आणि ताटलीकडे बघत राहिला. मी म्हटलं, खा न. त्याने लगेच एक उचलला. मग हळूच म्हणाला, "तीन महिन्यांपासून येऊन राह्यलो इथी, कोणी घे म्हटलंच नाई." मला वाटलं गंमत करतो आहे. मी हसले आणि वहीत लिहिलं: केक ताजे.

रविवार आला. मे महिना, त्यामुळे त्याच्या सध्याच्या, म्हणजे चौथ्या खानावळीत आमरस होता. आमच्याकडे रस म्हणजे काय ते परक्याला सांगून कळायचं नाही. धाकट्याला तर लहानपणी रसाच्या दिवसांत शाळेत बसवत नसे. वाटीचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही, पातेलं रिकामं झालं की जेवण झालं.

त्या दिवशी फॅमिली रूम एकही मोकळी नव्हती. कुठल्याशा साखरपुड्याची मंडळी सगळ्या आडोशांमध्ये भरली होती. मालकांनी धाकट्याला लांब टेबलावर पुरुषांत बसवलं आणि मला गल्ल्याजवळ स्टूल दिलं की जागा झाली की बोलावतो. मी भिंतीला टेकून बसले. तिथून त्याचं ताट मला सरळ दिसत होतं.

वाढपी पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा, चपळ. पोळ्या घेऊन ओळीतून चालत आला. पोळी, पोळी, पोळी असं म्हणत. धाकट्यापुढे आला. धाकट्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, मान हलवली, "नको, नको." वाढपी पुढे गेला. धाकट्याने मान वर केली आणि तो परत वळेल म्हणून बघत राहिला. वाढपी टेबलाच्या टोकाला पोचला होता.

मग भाजी. नको, नको. मग आमटी. मग रसाची बादली आली. पिवळाधमक रस, वर डाव. शेजारच्या गृहस्थाने काही न बोलता वाटी पुढे सरकवली, ती भरली. धाकट्याने वाटीवर पंजा ठेवला. वाढप्याचा डाव तिच्यावरून न थांबता पुढच्या वाटीत गेला. धाकट्याची नजर बादलीसोबत टेबलभर फिरली, शेवटच्या माणसापर्यंत, आणि मग आपल्या कोरड्या वाटीवर आली. दोन पोळ्यांवर पाणी पिऊन तो उठला.

मी स्टुलावर तशीच बसले होते. मला जागा झाल्याचं मालक सांगत होते.

बाहेर पडल्यावर आम्ही चौपाटीच्या दिशेने चालू लागलो. मी विचारलं, "रस काऊन नाई घेतला बे?"

"इच्छा नव्हती."

मी चालत राहिले. शाळेत मी शिकले आहे की अशा वेळी मूल आपणहून बोलतं, फक्त थांबावं लागतं. समुद्र दिसू लागला तेव्हा तो बोलला.

"एकदा विचारते अन् चालला जाते, ताई. जसं काही मी तिथी बसलोच नाई. चार खानावळी झाल्या, चाऱ्हीत तेच. माह्या बोलण्याले हसतेत ते चालते. पण पानावर बसलेल्या माणसाले कोणी असं करते काय?"

मला आधी हसू आलं, मग ती कोरडी वाटी आठवली. आमच्याकडचा नियम सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कोणी घेत नाही. पहिल्यांदा घेणारा म्हणजे घरी खायला नसलेला, असं समजतात. पहिल्याला नको, दुसऱ्याला पुरे झालं, तिसऱ्याला वाढणाऱ्याने हात बाजूला सारून चतकोर टाकायचा आणि जेवणाऱ्याने "काय हे" म्हणत पूर्ण खायचा. वाढणाराही हे जाणतो. एकदाच विचारून जो पुढे जातो, तो तुम्हाला उठा असंच सांगतो. आमच्याकडे यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. धाकटा चार महिने रोज दोन वेळा, चार खानावळींत, असा अपमान करून घेत होता, आणि घरी लिहिताना लाजेने "अन्न मानवत नाही" असं लिहीत होता. आणि मी तीन दिवस प्रत्येक ठिकाणी स्वतः वाढत होते, घे न, घे न म्हणत. खानावळींची परीक्षा झालीच नव्हती. झाली होती ती माझी.

वाळूत बसून मी वही काढली आणि गुळाच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला: आग्रह. सगळ्या खानावळींपुढे शून्य भरलं.

ते त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मंग? आता तं समजलं न तुले. चल घरी."

मी म्हटलं की गाडी पुढच्या रविवारची आहे, तोवर थांब.

सोमवारी तो कचेरीत गेल्यावर मी खानावळीत गेले. जेवणाची वेळ व्हायची होती. तो वाढपी वाट्या पुसत बसला होता. मी त्याला म्हटलं, तो उंच, सावळा, कडेला बसणारा मुलगा माझा भाऊ. त्याने वाटी खाली ठेवली.

"नको-नको? तो तुमचा भाऊ?" मग जरा ओशाळला. "आम्ही त्याला तसंच म्हणतो, बाई. राग मानू नका. पण मला एक सांगा, आमच्या जेवणात त्याला काय कमी वाटतं? मी जे नेतो त्यावर हात धरतो. काल रस. रसावर कोणी हात धरतो? मी मालकांना म्हटलं, त्या वऱ्हाडी साहेबांना आपल्या हातचं चालत नाही वाटतं."

त्याच्या आवाजात खरंच लागल्याचं होतं. म्हणजे अपमान दोन्हीकडून चालला होता, तीन आठवडे, एका ताटावरून.

मी त्याला आमचा नियम सांगितला आणि विनंती केली की माझ्या भावाला तीनदा विचारत जा. तो मनापासून हसला. "बाई, एवढी पानं उठतात इथं. एकेकाला तीनदा विचारीत बसलो तर सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी उठेल." मग त्याने मला बाकावर बसवलं, समोर रिकामं ताट ठेवलं आणि मुंबईत कसं जेवतात ते दाखवलं. बोलायचं काहीच नाही. ताटाच्या काठावर बोट दोनदा वाजवलं की पोळी. वाटी बोटभर पुढे सरकवली की आमटी. ताटात भाताला आळं केलं की वरण. आणि हात आडवा धरला की झालं, आता माझ्याकडे फिरकू नका. "तुमचा भाऊ पहिल्या घासालाच आम्हाला फिरकू नका म्हणतो," तो म्हणाला.

मी सगळं लिहून घेतलं. इतक्या खानावळी पाहिल्या, पण मुंबईच्या माणसासारखं जेवायचं कसं हे मला त्या रिकाम्या ताटापुढे कळलं.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत धाकट्याला पाटावर बसवलं. मी तांब्या घेऊन वाढपी झाले. म्हटलं, पोळी? तो सवयीने नको म्हणाला. आणि मी सवयीने म्हणाले, घे न, अर्धी. त्याने घेतली. असं चारदा झालं. माझ्या तोंडून दुसऱ्यांदा विचारणं आपोआप निघत होतं, मला ते थांबवता येईना. शेवटी जावेच्या बहिणीने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. ती त्याच्यासमोरून रेशनच्या दुकानदारासारखी कोरड्या चेहऱ्याने गेली, "पोळी," आणि तो तोंड उघडेपर्यंत ती गॅलरीच्या टोकाला.

"ही बाई तं लई खराब आहे," धाकटा म्हणाला.

"मी नाही, मुंबई," ती म्हणाली. "पुन्हा बसा."

त्याला सगळ्यात जड काय जात होतं ते तेव्हा कळलं. भुकेची त्याला लाज नव्हती. पहिल्याच विचारण्याला हात पुढे केला तर लोक आपल्या घराला काय म्हणतील, मायला काय म्हणतील, याची होती. मी त्याला म्हटलं, तिथे बसलेल्यांपैकी कोणी तुझ्या मायला ओळखत नाही. तो म्हणाला, मी ओळखतो न.

 मी एवढंच म्हटलं की तुझी माय तुला उपाशी उठलेला पाहील तर काय म्हणेल, तेही ठरव.

मंगळवारपासून रोज मी फॅमिली रूमच्या अर्ध्या दारावरून बघत होते. मंगळवारी हात आपोआप ताटावर गेला. बुधवारी त्याने बोट वाजवलं, पण इतकं हळू की वाढप्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. गुरुवारी वाजवलं तेव्हा वाढपी दुसऱ्या टोकाला होता, आणि समोरच्या एका गृहस्थाने आपल्या ताटातली पोळी त्याला देऊ केली. तो इतका ओशाळला की पाणी पिऊन उठला. शुक्रवारी एक पोळी मिळवली. एकच. घरी येताना मात्र तिच्याबद्दल चौपाटी येईपर्यंत बोलत होता.

रविवारी सकाळी त्याची ट्रंक भरलेली होती. पलंगाखालून काढून, दोरी बांधून, दाराशी ठेवलेली. अर्जही लिहून झाला होता. खिशात घडी दिसत होती. स्टेशनवर ती टपालपेटीत टाकायची आणि आपण गाडीत, असा त्याचा बेत.  माझी पिशवी मीही भरली होती.

खानावळीत पुन्हा रस होता. फॅमिली रूम रिकाम्या होत्या. मालकांनी मला आत बसायला सांगितलं, मी म्हटलं स्टूलच बरं.

पोळीला त्याने बोट वाजवलं, नीट वाजवलं, दोन मिळाल्या. भाजीला वाटी सरकवली. मग टोकाकडून बादली निघाली. मी पाहत होते की त्याचा उजवा हात टेबलावरून उठला आणि वाटीच्या वर जाऊन थांबला. बादली त्याच्यासमोर आली.

वाढप्याने त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते त्याच्या नियमात नव्हतं. पण तो थांबला. बादली खाली ठेवली, हात झटकला, जणू कडी हाताला रुतली असावी, आणि बादली दुसऱ्या हातात घेतली. तेवढा वेळ त्याने दिला. आमच्याकडच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या विचारण्याला जेवढा लागतो, साधारण तेवढाच.

धाकट्याचा हात उलटला आणि त्याने वाटी पुढे ढकलली.

"वाढा," तो म्हणाला.

ती वाटी त्याने एका दमात संपवली. बादली परत येताना पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा तर बादली यायची वाट न बघता त्याने काठावर बोट वाजवलं. वाढपी तिथूनच मालकांना ओरडून म्हणाला, "ऐकलंत का, नको-नकोनं तीन वाट्या घेतल्या." टेबलावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं आता हा उठणार.

तो बसूनच राहिला. "चौथी आणा, मंग हसा," म्हणाला. सगळे हसले, आणि त्यांत तोही होता.

संध्याकाळी तो मला गाडीत बसवायला आला. ट्रंक आणली नव्हती.  गाडी सुटायच्या आधी खिशातून तो घडी घातलेला अर्ज काढला आणि खिडकीतून मला दिला. "मांगून कोरा आहे," म्हणाला. "तुह्या यादीले कामी येईन. कागद चांगला आहे, कचेरीचा."

कागद खरंच चांगला होता. नांदुरा येईपर्यंत मी त्याच्या पाठीवर मुंबईच्या यादीचं पहिलं पान लिहून काढलं: खुणा कुठल्या, वाटी कशी सरकवायची, आणि सगळ्यात वर की पहिल्यांदा विचारलं की घ्यायचं. घरी आल्यावर ते वहीला खळीने चिकटवलं. उजेडासमोर धरलं की पलीकडची अक्षरं उलटी दिसतात, "सविनय विनंती की".

दिवाळीला तो घरी आला तेव्हा गळ्याला कॉलर नीट बसत होती. मायने पोळी पुढे केली, त्याने लगेच ताट पुढे केलं. माय पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, पोरगं किती भुकेलं राह्यलं असंन तिथी. तिचा हात तर ठरलेला, तिने तिन्ही विचारण्यांच्या तीन पोळ्या त्याच्या ताटात टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. तेव्हापासून घरात तो पहिल्या दोन वेळा नको म्हणतो. मायचं समाधान होतं आणि पोळ्याही मोजक्या राहतात. मुंबईला परतला की गाडीतून उतरल्यावर पुन्हा बोट वाजवतो. आजही तो त्याच कचेरीत आहे, आता मोठ्या टेबलावर.

त्या वहीत आता बऱ्याच खानावळी आहेत. काही बंद पडल्या, त्या मी खोडल्या. नवीन माणसं सांगतात त्या भरते. आग्रहाच्या रकान्यात एकीपुढेच शून्य खोडून अर्धा लिहिला आहे. वाढपी थकला, गावी गेला, असं धाकट्याने कळवलं, पण तो अर्धा मी तसाच ठेवला आहे.

परवा एक गृहस्थ वही उतरवायला आले. मुलाची मुंबईला मुलाखत होती. बापलेक ओट्यावर बसून पहिलं पान लिहून घेत होते: पहिल्यांदा विचारलं की घ्यायचं. मुलाने ते दोनदा मोठ्याने वाचलं. स्वयंपाक झाला होता, म्हणून मी म्हटलं, भाकर खाऊन जा.

"नको, नको," दोघं एकदम म्हणाले.

मी दुसऱ्यांदा विचारलं. ते म्हणाले की खाऊनच निघालो. तिसऱ्यांदा मी विचारत बसले नाही, पाट मांडले.